शेवंताला म्हणा, स्पीड अप!

२४ ऑक्टोबर

पतसंस्थेची फुकटची डायरी जानेवारीपासून फडताळात पडून होती. आज काढली, कारण कुणाशी तरी बोललं पाहिजे आणि घरात ज्याच्याशी बोलावं तो माणूस हात गळ्यात बांधून छताकडे बघत पडलाय.

दिवाळीच्या पाडव्याला हे म्हशी पळवायला गेले होते. कोल्हापुरात जन्मलेल्याला हे सांगायला नको. मोटरसायकलच्या सायलेन्सरची पुंगळी काढायची, ढर्रढर्र आवाज करत पुढं जायचं आणि आपली म्हैस शिंगं रंगवून, मोरपिसं लावून मालकाच्या मागं पळाली पाहिजे. आमची शेवंता पळाली, अगदी बाणासारखी. पण ह्यांना मागं वळून लोकांकडे बघायची हौस! डिव्हायडरवर गेले. शेवंता जागच्या जागी थांबली आणि ह्यांच्या तोंडाला तोंड लावून उभी राहिली. सगळी पेठ म्हशीच्या मायेचं कौतुक करत होती, व्हिडिओ काढत होती. माणसाला उचललं कुणी? मी.

उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. आता कट्ट्यावर धार काढायची कुणी?

२५ ऑक्टोबर

मीच काढणार. दुसरा इलाज नाही.

आमचं दूध पिशवीत जात नाही. म्हैस पेठेतल्या कट्ट्यावर नेऊन बांधायची, लोकांच्या डोळ्यांदेखत धार काढायची, फेसासकट ग्लासात ओतायची. गिऱ्हाईक समोर बघतं आणि पितं. पाणी घातलं का, पावडर घातली का, हे विचारायची वेळच येत नाही. सासऱ्यांपासून आमचा खुंटा तिथं आहे. पण खुंट्याला सात-बारा नसतो. कट्ट्याचा रिवाज असा, की आठवडाभर खुंटा रिकामा दिसला की दुसऱ्याची म्हैस तिथं उभी राहते, आणि मग भांडून उपयोग नाही.

घरात आणखी दोन म्हशी आहेत, पण एक गाभण आणि दुसरी गर्दीला बुजते. कट्ट्यावर उभी राहावी ती शेवंतानंच. आणि शेवंताच्या कासेला आजवर ह्यांच्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही.

कट्ट्यावर बाई धार काढत नाही म्हणे. घरात पहाटे उठून धारा काढणाऱ्या कोण असतात मग?

२६ ऑक्टोबर

जळ्ळं ते नशीब.

पहाटेची रांग लागलेली. मी खाली बसले, कासेला पाण्याचा हात फिरवला, सड ओढले. काही नाही. शेवंता मान वळवून माझ्याकडे बघते, जसं काही मी भाडं मागायला आलेय. पान्हा वर चढवून बसली. रांगेतला यशराज, जिमवाला, दंड दाखवणारा गंजी घालून थंडीत उभा असतो तो, ओरडला, “वहिनी, स्पीड अप!” सगळे हसले.

शेजारच्या खुंट्यावर उदयसिंह आबा. त्यांची म्हैस नळ सोडल्यासारखी दूध देत होती. आबा मान वर न करता म्हणाले, “सूनबाई, म्हशीला हाताचा राग कळतोय. आदी सोता गार व्हा.”

मी विचारलं होतं का? आयुष्यात कुणी शांत व्हायला सांगितलं की माझं डोकं जास्तच तापतं. अर्धी चरवी दूध कसंबसं निघालं. निम्मी रांग आबांकडे सरकली.

२८ ऑक्टोबर

आईनं फोनवर युक्ती सांगितली. तिच्या माहेरी असंच करायचे. ह्यांचा न धुतलेला सदरा साडीवर चढवला, डोक्याला त्यांचाच टॉवेल गुंडाळला. शेवंतानं हुंगलं, आणखी एकदा हुंगलं आणि हळूहळू पान्हा सोडला. वेळ लागला, पण सोडला.

लोक हसले. हसू देत. ग्लास तोंडाला लावल्यावर थांबलंच की सगळ्यांचं हसू!

५ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपून आमच्या क्रांतीची शाळा सुरू झाली. नववीला नसरीन मॅडम इंग्रजी शिकवतात, बाई कडक आहे, पण पोरीला इंग्रजीची गोडी लावली. आता दोन-दोन शब्दांची क्रियापदं चालू आहेत. एकेक क्रियापद घेऊन घरात, गल्लीत जे घडतं त्यावरच वाक्यं करायची आणि वर्गात उभं राहून म्हणायची. पुस्तकातली चालणार नाहीत. यादीत पहिलंच काय असावं? स्पीड अप.

मी म्हटलं, “ह्याचा अर्थ मला आदी सांग. रोज पहाटे माझ्या अंगावर येतंय ते.”

क्रांतीनं समजावलं. स्पीड अप म्हणजे वेग वाढणं किंवा वाढवणं. बस कागलच्या पुढं हायवेला लागली की ती स्पीड अप होते. आणि एखादं रेंगाळलेलं काम कुणी लवकर करवून घेतलं तर त्यानं ते काम स्पीड अप केलं. झालेली गोष्ट असेल तर स्पेड अप म्हणायचं. “मॅडम म्हणाल्या, आपला आपण वेग वाढवला तरी हाच शब्द आणि दुसऱ्याचा वाढवला तरी हाच.”

मी दिवसभर त्याच विचारात. आपल्याकडे किती शब्द आहेत! काम पडलं असेल तर उरक. चालत असेल तर पाय उचल. नटत बसली असेल तर आवर की आता. लहान पोराला बिगीबिगी. ज्याला जे लागू तेच म्हणायचं. इंग्रजीत एकच शब्द, बसलाही तोच आणि बायकोलाही तोच. आणि एक गोष्ट मी बघून ठेवलीय, हा शब्द जो तो दुसऱ्यालाच म्हणतो. यशराज मला म्हणतो. शेवंताला म्हण की! तिच्यासमोर उभा राहा आणि म्हण. शिंगावर घेईल.

९ नोव्हेंबर

आता हेही तेच म्हणायला लागले. दिवसभर मोबाईल बघून दुसरं काय होणार.

“निशा, एवढा वेळ कशाला लागालाय तुला? गिऱ्हाईक पळालं. कोपऱ्यावर त्यो बाटलीतल्या दुधाचा गाडा लागलाय बघितलास का? लोकं गाडीवरनं उतरत बी न्हाईत. स्पीड अप कर की जरा.”

मी म्हटलं, “हात मी मोडून घेतला व्हय? पान्हा काय माझ्या पदराला बांधलाय? येऊ दे तिला तवा येऊ दे.”

“माझ्या बाच्या नावाचा खुंटा हाय त्यो. तुझ्या हातनं गेला तर लोकं मला हसतील.”

गेला तर माझ्या हातानं. राहिला तर त्यांच्या बापाच्या नावानं! मी भाकरी थापत होते, ती तव्यावर इतक्या जोरात टाकली की फाटली.

१४ नोव्हेंबर

चांगलं असेल ते चांगलं लिहावं. परवापासून हे माझ्याबरोबर कट्ट्यावर येतात. मी नळावर पाणी आणायला जाते तेवढ्यात शेवंताच्या अंगाला टेकून तिच्याशी बोलत उभे राहतात. आणि काय सांगू, मी खाली बसते न बसते तोच धार! सदरा नको, टॉवेल नको. रांग परत लांब झाली. यशराज म्हणाला, “वहिनी, आता कसं!”

मी ह्यांना विचारलं, “असं काय सांगतासा तिच्या कानात?” तर हसले नुसते. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कानात कधी असं काही सांगितलं नाही. असो. जनावराची माया खरी.

उदयसिंह आबांची रांग मात्र पातळ झाली. ते आमच्या चरवीकडे बघत होते, मग शेवंताकडे, बराच वेळ. जळतात.

१९ नोव्हेंबर

आज पोरीला धपाटा घालणार होते. गवळ्याची पोरगी आणि म्हणते, “मला दूध नको.” चार दिवस झाले हा नखरा चाललाय. वजन वाढतं असं कुठल्या तरी रीलमध्ये बघितलं असेल. चहा पण कोरा पिते.

वर आणि जेवताना विचारते काय, “आई, म्हशीला दुखत असंल तर ती सांगणार कशी?”

मी म्हटलं, “लाथ मारून. गप जेव.”

हे म्हणाले, “क्रांते, अभ्यास कर जा.” ती ताटावरून उठली. ह्यांचा धाक बरा आहे, माझं कुठं ऐकते.

शेवंता दोन दिवस आंबोणाला तोंड लावत नाही. धार काढताना अंग थरथरतं तिचं. हे जवळ गेले की दावं ताणून मागं सरकते. पाडव्याला पाडलं म्हणून अजून रुसली असेल.

२३ नोव्हेंबर

आज मी जे केलं ते कुणीतरी करायलाच हवं होतं.

धार आटोपून खुंट्याखालची जागा धूत होते. आमच्या आणि आबांच्या खुंट्याच्या मधून गटार जातं, त्यात सिरिंज सापडली. सुईसकट. गवळ्याच्या जातीला हे सांगायला लागत नाही. पान्ह्याची सुई. जनावराला टोचली की त्याची इच्छा असो नसो, कास मोकळी होते. अशी सुई टोचायला बंदी आहे आणि कट्ट्यावर तर तिचं नाव काढायचीही लाज.

डोक्यात सणक गेली. म्हणजे पहिल्या दिवशी नळ सोडल्यासारखं दूध येत होतं ते असं! आणि मला शिकवत होते, आदी सोता गार व्हा!

मी ती सिरिंज दोन बोटांत धरून वर केली आणि भर रांगेत विचारलं, “आबा, ह्ये काय हाय? ह्या वयात म्हशीला सुया टोचतासा? लोकं लहान पोरांना दूध पाजायला आणत्यात हितं!”

आबा उभे राहिले. हातातली चरवी खाली ठेवली. “सूनबाई, ती माझी न्हाय.”

“मग काय आभाळातनं पडली?”

ते काहीच बोलले नाहीत. खरा असता तर बोलला नसता का माणूस? त्यांच्या रांगेतले लोक ग्लास ठेवून निघाले. आबांनी भरली चरवी गटारात ओतली, म्हैस सोडली आणि गेले.

हे माझ्या मागं उभे होते.  घरात आल्यावर म्हणाले, “कशाला बोललीस गं?” मी म्हटलं, “तुम्ही बोलला न्हाईसा म्हणून.” मला बरं वाटलं. फार दिवसांनी बरं वाटलं.

२६ नोव्हेंबर

आबा कट्ट्यावर येत नाहीत. खुंटा रिकामा. त्यांच्या गिऱ्हाइकांपैकी दोघं आमच्या रांगेत आले. लोक म्हणतात, “वहिनींनी दणका दिला.” रविवारी आठवडा भरेल, मग आबांचा खुंटा जाईल. जाऊ दे. करावे तसे भरावे.

शेवंता आज खाली बसली ती उठेना. हे म्हणाले, “नाटकं करालीया.” मी ह्यांच्यावर ओरडले. तिचे डोळे बघवत नाहीत.

२७ नोव्हेंबर

झालं ते जसंच्या तसं लिहिते.

क्रांतीची उद्या वाक्यं म्हणायची पाळी. हे प्लास्टर काढायला दवाखान्यात गेले होते. मी भाजी निवडत होते, म्हटलं, म्हणून दाखव. मला सगळं कळत नाही, पण ऐकायला आवडतं. ती माझ्यासमोर उभी राहिली, हात मागं बांधून, जशी वर्गात राहते.

“द बस स्पेड अप आफ्टर कागल.” मी म्हटलं, शाब्बास.

“माय मदर डझ नॉट स्पीड अप.” मी हसले. म्हटलं, व्हय गं बाई, खरं हाय.

मग ती थांबली. भिंतीकडे बघत एका दमात म्हणाली, “माय फादर स्पेड अप द मिल्क विथ अ निडल.”

फादर मला कळतं. मिल्क कळतं. निडल कळतं. आणि स्पेड अप तर तिनंच मला शिकवलं होतं, दुसऱ्याचा वेग वाढवला तरी हाच शब्द. भाजी तशीच हातात राहिली.

“परत म्हण,” मी म्हटलं.

तिनं परत म्हटलं नाही, रडायला लागली. एका हातानं सुई भरता येत नव्हती म्हणून बाप रोज पहाटे, मी गोठा झाडत असताना, तिच्याकडून भरून घेत होता! आईला सांगितलंस तर खुंटा जाईल आणि त्याला जबाबदार तू, असं वर बजावलेलं. चौदा वर्षांची पोर. मराठीत का सांगितलं नाहीस, शपथ घातली होती का, असं मी विचारलं, तर म्हणाली, “शपथ न्हाय घातली. पर मराठीत तोंडातनं येतच नव्हतं.”

आणि मी तिला धपाटा घालणार होते.

२८ नोव्हेंबर

रात्र कशी गेली ते लिहीत नाही. सकाळी कट्ट्यावर गेले नाही. ह्यांना समोर बसवलं.

“खुंट्यासाठीच केलं की,” म्हणाले. “किती दिवस लोकं थांबली असती? आणि एवढं काय झालं? सगळीकडं देत्यात. जरा स्पीड अप केलं, एवढंच.”

एवढंच! क्रांतीच्या वेळी मला दवाखान्यात कळांची सुई दिली होती. बाळाचे ठोके कमी होत होते, डॉक्टरांना तेव्हा घाई करणं भागच होतं, माझी त्याला ना नव्हती. पण ती कळ मला आजही आठवते. पाठीतून आग निघाल्यासारखी. म्हशीच्या सुईतही तेच औषध असतं. म्हणजे ह्या माणसानं शेवंताला दिवसातून दोनदा, सकाळ-संध्याकाळ, बाळंतकळा दिल्या. कशासाठी? जिमवाल्याला उशीर होऊ नये म्हणून. आणि ते जनावर, जे ह्यांच्यासाठी भर रस्त्यात थांबलं होतं! त्याच अंगाला टेकून ह्यांनी टोचलं आणि मी नळावरून येऊन माया, माया म्हणत खाली बसत होते.

हे सगळं मी त्यांना ऐकवलं. गल्लीलाही ऐकू गेलं असेल. जाऊ दे.

संध्याकाळी उदयसिंह आबांच्या गोठ्यात गेले. पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागं घेतले. सगळं ऐकून घेतलं. त्यांना आधीच कळलं होतं. शेवंताचं थरथरणं त्यांनी सुई सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ओळखलं होतं.

“मग त्या दिवशी बोलला का न्हाईसा?” मी विचारलं.

“तुझ्या नवऱ्याचं नाव तुझ्याच तोंडावर, भर रांगेत घेऊ व्हय? मला वाटलं त्यो बोलंल. मागंच हुबा हुता की.” मग म्हणाले, “आणि हितं गोठ्यात येऊन मला काय सांगालीस? माझं नाव कट्ट्यावर घेतलंस. तितंच जाऊन सांग.”

३० नोव्हेंबर

सांगितलं.

सुई बंद झाल्यावर शेवंता दोन दिवसांत उठून चालायला लागली होती. रविवार, म्हणून रांग मोठी. आबा आले होते, म्हैस बांधून लांब उभे. हे येणार नव्हते. मी म्हटलं, दावं तुम्हीच धरायचं. आले.

मी कट्ट्याच्या पायरीवर चढले आणि त्या दिवशी जेवढ्या आवाजात बोलले तेवढ्याच आवाजात म्हणाले, “सुई आबांची नव्हती. आमची हुती. माझ्या मालकांनी शेवंताला टोचली. मी बघितलं न्हाई, आणि न बघता आबांवर आळ घेतला. ज्यांनी ह्या दिवसांत आमचं दूध पिलंय त्यांनी मला काय बोलायचं ते बोलावं.”

बोलले की! आया-बहिणी निघाल्या. यशराज म्हणाला, “वहिनी, आमच्या आरोग्याशी खेळलासा.” मी म्हटलं, “व्हय, खेळलो. आणि तू रोज कशाला वरडत हुतास ते बी आठव.” तो गेला बाटलीच्या गाड्याकडे.

मग कट्ट्यावरचे थोरले गणपतराव पुढं आले. मला वाटलं, आता ह्यांना झापणार. तर ते म्हणाले, “झालं गेलं गंगेला मिळालं. बाईमाणसाच्या हातात कट्टा गेला की असलं काय तर व्हायाचंच. राजवीर, प्लास्टर निघालंय न्हवं? उद्यापासनं तू बस धारंला. सूनबाईंनी घर बघावं.”

मला आधी कळेचना काय ऐकलं ते. टोचलं त्यानं, लपवलं त्यानं, पोरीला गुंतवलं त्यानं, आणि खुंटा परत त्यालाच! खरं बोलली ती घरी! मी तोंड उघडणार तेवढ्यात गणपतराव म्हणाले, “उद्या कशाला, आत्ताच बस.” आणि ह्यांनी, खोटं कशाला लिहू, क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि चरवी उचलली.

ते खाली वाकले. कासेला हात लागायचा होता. शेवंता सबंध अंगानं उडाली. दावं ताणलं, डोळे पांढरे केले आणि मागचा पाय असा झाडला की चरवी गटारापार गेली. ते पुन्हा जवळ गेले, नाव घेऊन, चुचकारून, पाडव्याच्या मिरवणुकीत हाक मारतात तसे. ती खुंट्याभोवती फिरून त्यांच्यापासून जेवढं लांब जाता येईल तेवढं लांब गेली आणि तिथं उभी राहून लटलट कापायला लागली. सगळा कट्टा बघत होता. गणपतरावही बघत होते. 

ह्यांनी हात खाली घेतला. कोरडा, प्लास्टरमधून निघालेला पांढराफटक हात. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

“सरका,” मी म्हटलं.

गटारापलीकडची चरवी आणली, धुतली. शेवंताच्या मानेपाशी नुसती उभी राहिले, तिचं कापणं थांबेपर्यंत. मग खाली बसले. दूध येईना. सुईची सवय लागलेली कास, ती कशाला ऐकते? बसून राहिले. माणसं एकेक करून पांगली. मी वर बघितलं नाही. हे दावं धरून उभे होते, ते मात्र गेले नाहीत.

पान्हा आला तेव्हा चांगलं उजाडलं होतं आणि भाजीवाल्या बसायला लागल्या होत्या. फार नाही, चरवीचा तळ झाकला. रांग म्हणावी असं कुणी उरलं नव्हतं. एक ग्लास पुढं आला. धरणारा हात उदयसिंह आबांचा होता.

मी ओतलं. आबांनी ग्लास उजेडात धरला, निरखून बघितला आणि परत माझ्यापुढं केला.

“नुसता फेस हाय ह्यो. नीट भर.”

मी नीट भरला.